कोयनेतून किती सोडलंय? कृष्णा आणि तिच्या उपनद्या

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आहेत.)



जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की आपल्या गावात सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, भाजी घेताना, सगळीकडे. "कोयनेतून किती सोडलंय?" कुणीतरी आकडा सांगतो, बाकीचे मान डोलावतात. आकडा कमी असला की निवांत, जास्त असला की तळमजल्यावरचं सामान वर न्यायला सुरुवात. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच करत आलो.

प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्या पाण्यानं आपण बुडतो त्यातलं बरंचसं कोयनेच्या दरवाजातून येतच नाही. एवढंच नव्हे, आपल्याला बुडवणारी एक नदी आपल्या गावाच्या खाली कृष्णेला मिळते. खाली मिळणारी नदी वरच्या गावाला कशी बुडवेल? आज मुख्यतः याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पण तिथपर्यंत पोचायला आधी महाबळेश्वरला जावं लागेल, कारण सगळा खेळ तिथं सुरू होतो.

शाळेत आपण उपनद्या पाठ केल्या. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, येरळा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा. रिकाम्या जागा भरल्या, मार्क मिळवले. पण यादी पाठ करताना एक गोष्ट निसटते. ही नावं कुठल्याही क्रमानं लिहिली तरी परीक्षेत चालतात, नदीला मात्र चालत नाहीत. कोण कुठल्या बाजूनं येते, किती उतारावरून येते आणि कुणाच्या आधी येते, यावर खालच्या गावाचं नशीब ठरतं.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या तिथं एकत्र दाखवतात, गोमुखातून पाणी पडतं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी भूगोलाच्या दृष्टीनं ते देऊळ फार नेमक्या जागी आहे. महाबळेश्वरचा माथा म्हणजे पाणी वाटणारा कणा. एकाच पठारावर पडलेला पाऊस तिथं फुटतो. सावित्रीचं पाणी कड्यावरून खाली कोकणात उतरतं, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जातं. शंभरेक किलोमीटरमध्ये तिचा प्रवास संपतो. आणि तिच्याच शेजारी उगम पावलेली कृष्णा? तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात, बंगालच्या उपसागराला मिळते. दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे, ताट एका बाजूनं किंचित उचललं की आमटी दुसऱ्या काठाला जाते ना, तसं. उचललेली बाजू सह्याद्रीची.

आता महाबळेश्वरला पाऊस किती? वर्षाला साधारण पाच-साडेपाच हजार मिलिमीटर, काही वर्षी त्याहून जास्त. तिथून पाचगणी वीस किलोमीटरसुद्धा नाही, तिथं तो निम्म्याहूनही खाली येतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की हजाराच्याही आत. आणखी पूर्वेला माण-खटावात गेलात तर पाचशेच्या आसपास. म्हणजे एका तासाच्या एसटी प्रवासात तुम्ही पावसाळी जंगलातून दुष्काळी भागाच्या दारात येता. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातलं जवळजवळ सगळं पाणी हे सह्याद्रीच्या कडेच्या एका अरुंद पट्ट्यात पडतं. पुढे महाबळेश्वर, नवजा, पाथरपुंज, चांदोली, गगनबावडा ही नावं पावसाच्या बातमीत ऐकाल तेव्हा ती सगळी याच पट्ट्यातली आहेत हे लक्षात ठेवा. सांगलीत रिमझिमसुद्धा नसताना सांगली बुडू शकते, ती यामुळे.

कृष्णा स्वतः महाबळेश्वरहून निघते, धोम धरणात येते, वाईचे घाट, मग साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा मिळते. पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी. या सगळ्या उजव्या बाजूनं, म्हणजे पश्चिमेकडून येतात. त्यांच्यावरही धरणं आहेत. त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण खरी मोठी बाई पुढे आहे.

कोयना. तिची चालच विचित्र आहे. बाकीच्या बहिणी उगमापासून पूर्वेला किंवा आग्नेयेला निघाल्या, ही सरळ दक्षिणेला. सह्याद्रीच्या मुख्य कड्याला समांतर, डोंगराच्या दोन रांगांमधल्या घळीतून, तापोळा, बामणोली करत साधारण पासष्ट किलोमीटर. खडकातल्या भेगांच्या रेषांनी तिला ही वाट दिली असं भूशास्त्रज्ञ मानतात. या पासष्ट किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंनी सोळशी, कांदाटीसारखे प्रवाह तिला मिळतात, आणि सगळं खोरं त्या पावसाच्या पट्ट्यातच आहे. मग हेळवाकला ती एकदम काटकोनात पूर्वेला वळते. त्या वळणाजवळच धरण बांधलं. नकाशा बघितलात तर कळेल की इंजिनियरांना यापेक्षा बरी जागा मिळाली नसती. वर लांबलचक अरुंद खोरं, तोंडाशी चिंचोळी जागा. १०५ टीएमसी पाणी मावतं.

आता टीएमसी आणि क्युसेक या दोन शब्दांचा आपण दर पावसाळ्यात एवढा वापर करतो, तर एकदा हिशेबच करू. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ते साठ्याचं माप. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. ते वाहण्याचं माप. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे एक लाख क्युसेकनं दिवसभर पाणी वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतं. हा एक आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावरून निघतं.

कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर आहे. त्यावर सगळीकडे १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला तर तीन टीएमसीच्या थोडं वर पाणी येतं. शंभर मिलिमीटर म्हणजे तिथं किरकोळ दिवस. तीनशे पडला तर साडेनऊ टीएमसी. म्हणजे दिवसभर लाख क्युसेकहून जास्त. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता.

आता कल्पना करा, ऑगस्टचा पहिला आठवडा आहे, धरणात ९५ टीएमसी पाणी आहे, दहा टीएमसी जागा रिकामी आहे. ऐकायला बरं वाटतं. पण असा एक दिवस आला की ती जागा भरली. दुसऱ्या दिवशी जेवढं येईल तेवढं सोडण्याशिवाय इलाज नाही. धरण पूर थांबवतं हे खरं, पण रिकामी जागा असेल तेवढाच वेळ. म्हणून "धरणात किती आहे" यापेक्षा "धरणात किती मावेल" हा प्रश्न आपल्यासाठी जास्त कामाचा. आणि हेही समजून घ्या की धरण चालवणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसतात. जुलैमध्ये धरण रिकामं ठेवलं आणि पुढे पाऊस गेला तर वीज नाही, पाणी नाही. भरून घेतलं आणि ऑगस्टमध्ये पाऊस कोसळला तर पूर. हा जुगार तो दरवर्षी खेळतो.

कोयनेची आणखी एक गंमत. दख्खनच्या उताराविरुद्ध तिचं पाणी आपण पश्चिमेला वळवलं आहे. बोगद्यातून पोफळीला, कड्याखाली पाडून वीज करायची आणि मग ते पाणी वाशिष्ठीत, म्हणजे चिपळूणकडे. कृष्णा पाणीतंटा लवादानं, बच्छावत लवाद म्हणतो आपण, त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी अरबी समुद्राला! पुराच्या वेळी काहीजण विचारतात, मग सगळंच तिकडं का नाही पाठवत? दोन कारणं. बोगद्याची आणि यंत्रांची क्षमता पुराच्या मानानं अगदी थोडी आहे. आणि तिकडं वाशिष्ठीच्या काठी चिपळूण आहे, तेही २०२१ च्या त्याच पावसात बुडालं होतं.

धरणाच्या खाली कोयना पूर्वेला येते. आता नीट ऐका. पाटणला केरा मिळते. मग मोरणा मिळते. कऱ्हाडच्या अलीकडे वांग मिळते. या सगळ्या धरणाच्या खाली. त्यांच्यावर लहान-मध्यम धरणं आहेत काही ठिकाणी, पण पावसाचा मोठा भाग मोकळाच येतो. याला मुक्त पाणलोट म्हणतात. धरणाचे दरवाजे पूर्ण बंद ठेवलेत तरी हे पाणी येणारच, त्याला दरवाजाच नाही. "कोयनेतून किती सोडलंय" या आकड्यात केरा, मोरणा, वांग नसतात. तारळी, उरमोडी, वेण्णा, खुद्द कृष्णेचं धोमखालचं पाणी, तेही नसतं.

कऱ्हाडला प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी जिथं आहे, ती जागा. सहसा दोन नद्या कोन करून, एका दिशेनं जात जात मिळतात. इथं कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना जवळजवळ समोरून, आणि दोघी एकमेकींना भिडून मग पूर्वेला वळतात. समोरासमोर येणाऱ्या प्रवाहांत जी जोरात असेल ती दुसरीला थोपवते. कोयना भरात असली की कृष्णेचं पाणी मागं तुंबतं. हा तुंबण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, आता आपण त्याच्याकडेच चाललो आहोत.

कऱ्हाडच्या पुढे नदीचा स्वभाव बदलतो. महाबळेश्वरपासून धोमपर्यंत, चाळीसएक किलोमीटरच्या आत, ती पाचशे मीटरहून जास्त उतरून आलेली असते. आता ते सगळं संपलं. काळी माती, मळईची रानं, रुंद पात्र, नागमोडी वळणं. सांगलीला धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५४० मीटरच्या आसपास आहे. खाली अलमट्टी धरण पूर्ण भरलं की त्याची पातळी ५१९.६ मीटर. मध्ये नदीचं अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. म्हणजे किलोमीटरला दहा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा उतार नाही. तुमच्या घराच्या गच्चीला पाणी जाण्यासाठी गवंडी यापेक्षा कितीतरी जास्त ढाळ देतो. (हशा) वरून घोड्यासारखं आलेलं पाणी इथं बैलगाडीच्या चालीनं जातं. मागचं येणं चालू, पुढचं जाणं हळू. मग ते उंच होतं आणि पसरतं. शेकडो वर्षं पसरत आलंय, म्हणून तर आपली माती अशी आहे. वांगी, ऊस, हळद, सगळं त्या गाळावर.

सांगलीच्या थोडं वर, ब्रह्मनाळला येरळा मिळते. ही एकटी डाव्या बाजूनं, दुष्काळी मुलखातून येणारी. पुरात तिचा वाटा सहसा लहान. पण ती कृष्णेला मिळते तिथलं ब्रह्मनाळ गाव २०१९ मध्ये कृष्णेच्याच पाण्यानं वेढलं गेलं, माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि गावातली माणसं गेली. त्या गावाबद्दल मी आणखी बोलणार नाही, इथं त्या भागातली मंडळी बसली आहेत.

आता वारणा. चांदोलीच्या डोंगरातून येते. चांदोली धरण ३४ टीएमसीचं, कोयनेच्या एक तृतीयांश. शिराळा, कोकरूड, मग वारणेचा सगळा ऊसपट्टा, आणि हरिपूरला संगमेश्वराच्या देवळाशी कृष्णेला मिळते. हरिपूर सांगलीच्या खालच्या अंगाला आहे. आयर्विन पुलाखालून पाणी गेल्यावर तीन-चार किलोमीटरवर.

मग पुलावरची पातळी वारणेमुळे कशी वाढते? घरातलं उदाहरण देतो. वरच्या मजल्याच्या बाथरूमचा पाईप आणि खालच्या मजल्याचा पाईप एका मोठ्या पाईपाला जोडलेत. मोठा पाईप वरून भरून वाहत असेल तर खालच्या मजल्याच्या मोरीतलं पाणी जात नाही, मोरीत साचतं. पाणी पुढे जायचं तर पुढची पातळी आपल्यापेक्षा खाली असावी लागते. हरिपूरला वारणेनं पातळी उचलली की सांगलीतल्या कृष्णेला पुढे ढकलायला स्वतःची पातळी त्याहून उंच करावी लागते. उतार आधीच दहा सेंटिमीटरचा, त्यामुळे ही उंची मागं मागं किलोमीटरच्या किलोमीटर पोचते. याला फुगवटा म्हणतात. पाणी उलटं वाहतं असं नाही. ते सावकाश होतं आणि चढतं. म्हणून कोयनेचा विसर्ग तोच असताना, अगदी कमी केला असतानाही, आयर्विनला पाणी वाढताना आपण पाहिलं आहे. लोक म्हणायचे, आकडे लपवतात. आकडा खराच होता, पण तो एका नदीचा होता.

माझ्या मामांचं हरिपूरला हळदीचं पेव होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो, जमिनीत खोल खड्डा, वरून अरुंद तोंड, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची. तिथली माती अशी की आत ओल शिरत नसे. २००५ च्या पुरात पाणी तिथं आलं आणि हरिपूरची बरीच पेवं गेली. मामा पुलाकडं माणूस पाठवून कृष्णेची पातळी विचारत बसले होते. वारणेकडून पाणी आलं तेव्हा पेवाचं तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. मला या विषयाची गोडी तिथून लागली, गोडी म्हणणं बरोबर नाही खरं तर.

हरिपूरच्या खाली नृसिंहवाडी. तिथं पंचगंगा मिळते. महाबळेश्वरच्या पंचगंगेशी गल्लत करू नका, ही कोल्हापूरची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार आणि पाचवी सरस्वती, ती गुप्त. प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते आणि मग कोल्हापूरला वळसा घालून ती सपाट रानातून वाडीला येते. भोगावतीवर राधानगरी, शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण. पाणी ठराविक पातळीला आलं की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. त्यामुळे कोल्हापुरात सांगलीच्या प्रश्नाची जुळी बहीण आहे, "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" पण राधानगरी आठ टीएमसीचं धरण आहे. कोल्हापूरला बुडवणारं पाणी गगनबावड्याकडून कुंभी-कासारीतून मोठ्या प्रमाणात येतं.

आणि वाडीला तोच फुगवटा. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला तोंड मिळत नाही. तिचा उतार कृष्णेसारखाच सपाट. मग ती मागं शिरोळ, इचलकरंजी, थेट शिरोलीपर्यंत पसरते आणि पुणे-बंगळूर हायवे बंद पडतो. २०१९ ला कित्येक दिवस ट्रकच्या रांगा होत्या. शिरोळ तालुक्याचं तर काय सांगावं. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा, चार नद्या एका तालुक्यात. वाडीच्या देवळात दक्षिणद्वार सोहळा होतो. पाणी उत्तरेच्या दारातून आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, लोक त्या पाण्यात स्नान करतात. पुराला घाबरायचं की त्याच्या पाया पडायचं हे आपल्या लोकांनी असं एकत्रच ठरवलेलं आहे. पाणी याच्याही वर गेलं की मात्र सोहळा नसतो, उत्सवमूर्ती हलवावी लागते.

आता तीन पूर शेजारी ठेवून बघू. २००५, २०१९, २०२१. सांगलीला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, राजारामला ५५ च्या. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत पाऊस थांबलाच नाही, आणि कोयना, वारणा, पंचगंगा तिघी एकदम भरात आल्या. एकीचं पाणी उतरायच्या आत दुसरीचं आलं. म्हणून पाणी आठवडाभराहून जास्त राहिलं. २०२१ ला गोष्ट वेगळी. जुलैच्या २२-२३ तारखेला दोन दिवसांत भयंकर पाऊस. त्या वेळी जुलै होता, धरणांत जागा होती. तरीही महापूर आला. कसा? मुक्त पाणलोटातून. धरणांच्या खाली पडलेल्या पावसानं. "धरणवाल्यांनी बुडवलं" हे एकाच वाक्यात सांगणाऱ्यांना मी २०२१ ची आठवण देतो. आणि "धरणांचा काही संबंधच नाही" म्हणणाऱ्यांना २०१९ ची. ऑगस्टमध्ये भरत आलेल्या धरणाला पर्याय उरत नाही, तो जुलैमध्ये ठेवावा लागतो.

म्हणजे कुठले आकडे बघायचे? मी काय करतो ते सांगतो. नवजा, महाबळेश्वर, चांदोली, गगनबावडा इथला चोवीस तासांचा पाऊस. कोयना आणि चांदोलीत किती जागा उरली. मग कऱ्हाडची कृष्णेची पातळी, कारण तिथं कोयना, केरा, मोरणा, वांग, तारळी सगळ्यांची बेरीज झालेली असते. कऱ्हाडचं पाणी आपल्याकडं यायला वेळ लागतो, तो वेळ आपला. आणि शेवटी, सांगलीकरांनी खाली वळून बघायचं. वारणा काय म्हणते, आणि वाडीला पंचगंगा काय म्हणते. वरचं पाणी किती येणार ते कऱ्हाड सांगतं, ते किती वेगानं जाणार ते हरिपूर आणि वाडी सांगतात. सगळी माहिती रोज जाहीर होते. फक्त ती एका ओळीत मिळत नाही.

एक राहिलं. याच जिल्ह्याच्या एका टोकाला शिराळा, दुसऱ्या टोकाला जत. शिराळ्यातून जनावरं हलवत असतात तेव्हा जतला टँकर चालू असतो. येरळा आणि अग्रणी या आपल्या पूर्वेकडच्या नद्या नकाशावर वारणेइतक्याच ठसठशीत काढलेल्या असतात, पण त्यांना सह्याद्रीचा पट्टा मिळाला नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी आपण पंपानं पाणी उचलून त्या बाजूला नेतो, म्हणजे उपनदी उलटी चालवतो म्हणा. पुराचं पाणीही तिकडं नेलं जातं. त्यानं तलाव भरतात, चांगलं आहे. पण त्यानं पूर उतरेल असं कुणी सांगितलं तर मघाचा हिशेब करा. दोन लाख क्युसेक वाहणाऱ्या नदीतून पंप किती उचलणार?

प्रश्न घेऊ.

(एक श्रोता : सर, अलमट्टीचं काय? ते तुम्ही टाळलंत.)

टाळलं नाही, शेवटाला ठेवलं. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६, आपली धोक्याची ५४० च्या आसपास. स्थिर पाण्याची पातळी आडवी धरली तर ती सांगलीपर्यंत येत नाही, हे खरं. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनंही अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. अतिवृष्टी, सपाट उतार, पात्रातली अतिक्रमणं यांवर भर दिला. पण पुरातलं पाणी स्थिर नसतं. त्याची पातळी धरणापासून वर चढत जाते. मध्ये हिप्परगीचा बंधारा आहे, पुलांचे भराव आहेत, गाळ आहे. त्या सगळ्यांचा मिळून फुगवटा किती वर येतो, हा मोजण्याचा प्रश्न आहे, घोषणांचा नाही. लवादानं ५२४ मीटरच्या वर उंची नेण्याला परवानगी दिली आहे आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. उंची वाढली तर उरलेला उतार आणखी कमी होणार, एवढं साधं गणित तर आहेच. त्यामुळे शिरोळच्या माणसाची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण २०१९ ला अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या पुढे पाणी सोडत होते, तरी आपण बुडालो, हेही विसरून चालणार नाही. सगळा दोष खाली ढकलला की वांग आणि केरेकडं कुणी बघत नाही.

(एक ताई : नदीपासून आमचं घर बरंच लांब आहे. तरी पाणी पहिल्यांदा आमच्याकडेच येतं.)

कुठं राहता तुम्ही? ... हां, दत्तनगरच्या बाजूला. ताई, तुमचं घर नदीपासून लांब आहे, पण नाल्यापासून लांब नाही. नाला म्हणजे सगळ्यात धाकटी उपनदी. जे वारणेचं हरिपूरला होतं तेच नाल्याचं नदीच्या तोंडाशी होतं. नदी चढली की नाल्याला तोंड मिळत नाही, त्याचं पाणी मागं सरकतं आणि सखल भागात शिरतं. काठ ओलांडून नदी गावात यायच्या कितीतरी आधी पाणी मागच्या दारानं आलेलं असतं. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, तुमचं दत्तनगर, दरवेळी हीच नावं पहिली येतात. घर घेताना लोक पूररेषा बघतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. ती बघावीच. पण त्याबरोबर जवळचा नाला कुठून कुठं जातो आणि त्यावर आता काय बांधलंय, तेही चालत जाऊन बघा. पुढच्या रविवारी वेळ असेल तर मी येतो, शेरी नाल्याच्या तोंडापासून सुरुवात करू. सकाळी लवकर मात्र, उन्हात नको.

आणि हो, जाताना नकाशे बघून जा. टेबलावर ठेवलेत. हात लावायला हरकत नाही, फक्त चहाचा कप त्यावर ठेवू नका.